समाजमाध्यमांवर लिहिताना स्वतःचा आवाज आणि आपली माणसे कशी सापडतात?

तुम्ही मूळचे गोंदियाचे, पुण्यात नोकरीला आहात, वर्षभर फेसबुकवर लिहीत आहात आणि आठ-दहा ओळखीच्यांपलीकडे कोणी वाचत नाही, असे तुम्ही म्हटले आहे. भाषा प्रमाण ठेवावी की घरची, किती दिवसांनी लिहावे आणि आपली माणसे कुठे शोधावीत, हे तुमचे प्रश्न आहेत. प्रश्नातच तुम्ही आजीचे एक वाक्य दिले आहे, ‘कधी येऊन राहिला बावा’, आणि त्यापुढे कंसात ‘बोलीभाषेबद्दल क्षमस्व’ असे लिहिले आहे. त्या कंसाने माझ्या जुन्या दुखण्यावर बोट ठेवले, म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

मी नागपुरात सीताबर्डीवरील एका डीटीपीच्या दुकानात एकोणीस वर्षे काम केले. प्रबंध, लग्नपत्रिका, जाहीर नोटिसा, कवितासंग्रह, सगळे टाइप केले. तेव्हाच्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत. त्यामुळे तोच फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की आख्खा प्रबंध निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन समोर येई. युनिकोडने देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. ही सोय १९९१ पासून होती, पण छपाईवाले जुनेच फॉन्ट मागत असल्याने आमच्या दुकानात ती फार उशिरा आली. पुढे मोबाइलवर मराठी कळफलक आला आणि दुकान बंद झाल्यावरही लिहिता येऊ लागले. तोपर्यंत मी हजारो पाने टाइप केली होती, पण त्यात माझे स्वतःचे एकही वाक्य नव्हते. शिवाय लेखकांच्या मजकुरातील बोलीचे शब्द शोधून ते ‘शुद्ध’ करणे हे माझ्या कामाचाच भाग होते आणि मी ते चोख करत असे.

२०१७ च्या पावसाळ्यात आई गेली. त्यानंतर पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळ्या आणि पिवळ्या मारबतीची, म्हणजे घरोघरची ईडा-पिडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते, हे तुम्हाला सांगायला नको. आमचे माहेर नागपुरातल्या महाल भागातले. आई महिनाभर आधीपासून झिजलेला खराटा आणि फाटके सूप दाराआड जपून ठेवायची. मारबतीच्या दिवशी पहाटे ती मला उठवायची, तो खराटा माझ्या हातात द्यायची आणि गल्लीच्या टोकाशी नेऊन टाकायला लावायची. टाकताना ‘ईडा पिडा घेऊन जा गे मारबत’ असे मोठ्याने म्हणावे लागे, पुटपुटलेले तिला चालत नसे. त्या वर्षी मी हे रात्री लिहायला बसले. पहिल्यांदा लिहिले, ‘आई म्हणायची, लवकर ऊठ, नाहीतर मारबत निघून जाईल.’ वाचून पाहिले, तर ती माझी आई नव्हतीच, पाठ्यपुस्तकातली कोणीतरी आई होती. मी ते पुसले आणि तिचे शब्द जसेच्या तसे लिहिले: ‘उठ नं वं बाई, मारबत निंगून जाईन.’ कळफलक ‘निंगून’चे ‘निघून’ करू पाहत होता. तीन वेळा मी ते पुन्हा ‘निंगून’ केले आणि अकरा वाजता मजकूर फेसबुकवर टाकला.

सकाळी पाहिले, तर पहिली प्रतिक्रिया माझ्या सख्ख्या मोठ्या भावाची होती: ‘जाईन नव्हे, जाईल. तृतीय पुरुष, एकवचन.’ दादा मराठीचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. आईला जाऊन तीन महिनेही झाले नव्हते आणि तिचे वाक्य त्यांनी चारचौघांत लाल शाईने दुरुस्त केले होते. मी उत्तर दिले नाही. दुपारपर्यंत त्याखाली साठेक प्रतिक्रिया जमल्या. आर्वीची एक, पवनीची एक, वरोऱ्याच्या दोघी बहिणी, आणि मस्कतला असलेल्या एका गृहस्थांनी एवढेच लिहिले होते, ‘माही माय बी असंच म्हने.’ यातल्या एकालाही मी ओळखत नव्हते. माझा आवाज मला सापडला असेल तर तो त्या दिवशी सापडला, आणि आपली माणसे कशाला म्हणतात, हेही मला त्याच दिवशी कळले.

दादांचे म्हणणे असे, की घरची भाषा घरात शोभते, कागदावर आणली की लोक आपल्याला हसतात. त्यांची बाजू मला समजते. शिक्षणासाठी ते पुण्यात होते तेव्हा ‘मी जेवण करून राहिलो’ एवढ्या वाक्यावर त्यांना वर्षभर चिडवले गेले होते. पण हसणाऱ्यांचे ऐकून आईची भाषा सोडायची, हा त्यांचा निष्कर्ष मी कधीही मान्य करणार नाही. चूक प्रत्येकाची वेगळी असते. वर्ध्यापासून अकोल्यापर्यंतची माणसे पिढ्यान्पिढ्या ‘तो येईन’, ‘ती जाईन’ असेच म्हणत असतील, तर ती चूक नसून त्या भाषेचा नियम आहे. इंग्रजी अमदानीतले भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या १९०५ सालच्या मराठीच्या खंडात वऱ्हाडी आणि नागपुरी यांची नोंद आहे, ती मराठीच्या बोली म्हणून, बिघडलेली मराठी म्हणून नव्हे. ‘करून राहिलो’मध्ये हिंदीचा शेजार आहे, हे खरे. नागपूर १९५६ पर्यंत हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांच्या प्रांताची राजधानी होते, मग शेजार दिसणारच. आणि ज्या लीळाचरित्रापासून मराठी गद्याची सुरुवात सांगतात, ते म्हाइंभटांनी तेराव्या शतकात रिद्धपूरला सिद्ध केले, म्हणजे आपल्याच अमरावती जिल्ह्यात. दादांनी हे आयुष्यभर वर्गात शिकवले आणि बहिणीच्या मजकुराखाली मात्र ते विसरले.

फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्ध्याला ९६ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. आम्ही पाचजणी तोवर केवळ प्रतिक्रियांमधून एकमेकींना ओळखत होतो. पुस्तकांच्या गाळ्यांपाशी भेटायचे ठरले, पण गर्दीत कोणी कोणाला ओळखेना. मी फोनवर मुलाला म्हणाले, ‘निंगला का नाई बे घरून?’ आणि मागून एक बाई माझा दंड धरून म्हणाली, ‘तुम्हीच नं त्या मारबतवाल्या?’ त्या पवनीच्या होत्या. साडेपाच वर्षे ज्यांना वाचले, त्यांच्यासोबत त्या दिवशी एका ताटात जेवले.

आता तुमचे उरलेले प्रश्न. मी महिन्यातून दोनदा लिहिते, तुम्हालाही तेवढे पुरेल. रोज लिहिणारे लवकरच इतरांसारखे लिहू लागतात, असे मी पाहिले आहे. आपली माणसे हवी असतील तर आधी त्यांचे लिखाण शेवटपर्यंत वाचा आणि त्याखाली अंगठा नव्हे, दोन वाक्ये लिहा. स्वतःकडे आलेल्या प्रत्येक प्रतिक्रियेला उत्तर द्या. लाइक मोजायचे बंद करा.

प्रमाण मराठीशी माझे वैर नाही. हे उत्तरही मी त्याच भाषेत लिहीत आहे, कारण तुम्ही मला अनोळखी आहात आणि हे सांगलीच्या वाचकालाही कळायला हवे. निवेदन प्रमाण भाषेत ठेवा, माणसे बोलतील ती मात्र त्यांच्याच भाषेत. घरातल्या हयात व्यक्तीविषयी लिहिण्यापूर्वी तिला विचारा. लिहिलेले सगळे तारखेसह स्वतःजवळ वेगळे जपून ठेवा. माझाच मारबतीचा मजकूर नाव काढून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला आणि माझ्याच इमारतीच्या गटात परत आला. त्यात कोणीतरी ‘जाईन’चे ‘जाईल’ करून टाकले होते, आणि नाव गाळल्यापेक्षा ते मला अधिक लागले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मजकूर लिहिल्याक्षणी त्यावर तुमचा हक्क असतो, नोंदणीची गरज नसते. पण तो आपलाच आहे हे दाखवायला जुनी प्रत हाताशी असावी लागते.

दादांशी माझे बोलणे आहे, येणे-जाणे आहे. ती प्रतिक्रिया त्यांनी काढलेली नाही आणि मीही काढायला सांगितलेले नाही. तुम्ही मात्र तो कंस आजच खोडा आणि पुढचा मजकूर ‘कधी येऊन राहिला बावा’ यापासूनच सुरू करा.