नोकरी सांभाळून परदेशात अर्थशास्त्राचं एमए: शिष्यवृत्ती कुठून मिळेल?

तुम्ही लिहिलंय, पुण्यात सांख्यिकी विभागात चार वर्षं नोकरी, वय 29, घरून पैसे शक्य नाहीत. तरी नक्की अर्ज करा, तुमच्यासारख्यांसाठीच या योजना आहेत.

सगळ्यात आधी जपान-जागतिक बँक शिष्यवृत्ती बघा. 1987पासून चालू आहे. पदवीनंतर किमान तीन वर्षं झालेली हवीत आणि विकासाशी निगडित कामाचा अलीकडचा तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो. तो तुमच्याकडे आहेच. मात्र त्यांच्या यादीतल्या अभ्यासक्रमाला आधी प्रवेश मिळवावा लागतो. अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजचं विकास अर्थशास्त्र केंद्रही पाहा. 1960पासूनचं हे केंद्र मुख्यतः विकसनशील देशांतल्या सरकारी अधिकाऱ्यांना एका वर्षात एमए शिकवतं. ब्रिटन सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती दोन वर्षांच्या अनुभवावर चालते.

खरी अडचण आपल्याच कार्यालयात येते. माझी ना हरकत प्रमाणपत्राची फाईल दोन टेबलांमध्ये अडीच महिने पडून होती आणि त्या वर्षीची मुदत हातची गेली. अजून वाईट वाटतं. म्हणून आजच साहेबांना भेटा, अध्ययन रजेचा नियम आस्थापनेत वाचून घ्या, बंधपत्राची (परत येऊन ठरावीक काळ नोकरी करण्याच्या लेखी हमीची) अट नीट समजून घ्या.

आणि अर्जासोबतच्या निबंधात ‘देशसेवा करायची आहे’ एवढंच लिहू नका. जुन्नरच्या गावात पीक कापणी प्रयोगाचे (नमुन्याच्या शेतातलं पीक कापून उत्पादन मोजण्याचे) आकडे घेताना काय चुकतं हे तुम्ही प्रश्नात किती छान सांगितलंय! तेच लिहा.