नर्सिंग रिसर्चचा वॉर्डात खरंच उपयोग होतो का?

बी.एस्सी. नर्सिंगला रिसर्च हा विषय पास होण्यापुरताच असतो का, पेशंटला त्याचा काही फायदा होतो का, असं तुम्ही विचारलंय. मी परभणी जिल्ह्यात सोळा वर्षं स्टाफ नर्स आहे. फायदा होतो, डोळ्यांनी पाहिलाय. पण एकट्या सिस्टरनं वाचून होत नाही.

बेडसोरचंच घ्या, म्हणजे एकाच जागी पडून राहून दाबानं कातडीला होणारी जखम. आम्ही शिकलो तेव्हा पाठीला स्पिरिट-पावडर लावून चांगलं चोळायचं आणि माकडहाडाखाली रबरी रिंग द्यायची. नातेवाईकही लाल जागेवर खोबरेल तेल रगडायचे. सगळं मायेनंच. पुढं अभ्यासांतून कळलं, की लाल झालेली जागा चोळली तर दबलेली कातडी आतून आणखी दुखावते आणि रिंगच्या कडेनं रक्त अडतं. मग चोळणं सोडलं, रिंग कपाटात गेली.

धोका आधीच ओळखायला 1987 साली छापून आलेली ब्रेडन स्केल आहे. जाणीव, ओलावा, चालणं-फिरणं, कूस बदलण्याची ताकद, आहार, घासणं या सहा गोष्टींना गुण द्यायचे. बेरीज 18 किंवा कमी आली की सावध व्हायचं. आमच्याकडं मे महिन्यात रेक्झिनच्या गादीवर पाठ घामानं निथळते, त्यामुळं ओलाव्याचे गुण मी दर ड्यूटीला नव्यानं बघते.

एकदा लकव्याच्या एका बाबांची चादर बदलताना वॉर्डातल्या मदतनीस मावशी म्हणाल्या, "सिस्टर, माकडहाडाला लाल झालंय बघा. बोटानं दाबलं तरी लाली जाईना." हीच बेडसोरची पहिली पायरी! पूर्वी मावशींनी असं काही सांगितलं, की "तुमचं काम बघा" ऐकावं लागायचं. आम्ही त्यांना दाबून बघायला शिकवलं होतं, म्हणून त्या बोलल्या. फिजिओथेरपिस्टनं पाठीमागं उशी देऊन तिरकं कसं झोपवायचं ते मुलाला दाखवलं, डॉक्टरांनी आहारात प्रोटीन वाढवलं, आणि दर दोन तासांची कूस पलंगाला अडकवलेल्या कागदावर लिहायला लागलो. तिसऱ्या दिवशी लाली उतरली. कातडी फुटली नाही.

माणसं कमी असली की हे सगळं कोलमडतं. नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन यांनी 2002 साली अमेरिकेतल्या पेनसिल्वेनियातल्या 168 हॉस्पिटलांचा अभ्यास छापला. एका नर्सवर एक पेशंट वाढला, की ऑपरेशन झालेला पेशंट 30 दिवसांत दगावण्याची शक्यता सुमारे 7 टक्क्यांनी वाढलेली दिसली. रात्री अख्खा वॉर्ड एकटीवर असतो तेव्हा हा आकडा मला छळतो. माणसं मागायला जाताना हाच आकडा मी पुढं ठेवते.

तुमच्या प्रोजेक्टला 'अमक्याविषयी ज्ञानाची पातळी' असली प्रश्नावली घेऊ नका. महिनाभर एकच गोष्ट मोजा: ठरल्या वेळी किती जणांची कूस बदलली, आणि राहिली तिथं का राहिली. मावशींनाही विचारा. चादर बदलताना पेशंटची पाठ त्यांनाच आधी दिसते.