पानथरी सुजत नाही, वाढते

परभणीहून एकांनी विचारलंय: वडिलांच्या सोनोग्राफीत स्प्लीन (म्हणजे पोटातली पानथरी, हिलाच प्लीहा म्हणतात) १४ सें.मी. आलं, डॉक्टर म्हणाले, "पानथरीला सूज आहे." तर प्लीहा सुजला म्हणायचं की सुजली?

दोन्ही नको. ही 'सूज' ऐकून कान किटलेत. गुडघा सुजतो, हिरडी सुजते. सोनोग्राफीत पेशंटला उजव्या कुशीवर वळवतात, श्वास भरून घ्यायला लावतात, गार जेल लावलेला प्रोब डाव्या बरगड्यांच्या फटीत टेकवतात आणि पडद्यावरच्या करड्या आकृतीच्या दोन टोकांना फुल्या मारतात. मधलं अंतर ती लांबी. मोठ्या माणसात साधारण १२ सें.मी.पर्यंत, उंच माणसात थोडी जास्तही चालते. मोजली लांबी, मग सूज कुठून आली? हिवतापानं पोट पुढं आलेल्या पोराला आमच्याकडची म्हातारी माणसं 'पानथरी वाढली' म्हणायची, तीही नुसती हातानं चाचपून.

आता लिंग. संस्कृतात मूळ शब्द प्लीहन्, पुल्लिंगी. राजन्‌चं राजा, तसं प्लीहन्‌चं प्लीहा. म्हणून काही शुद्धिवादी 'प्लीहा वाढला' असा हट्ट धरतात. मग त्यांनी 'मराठीचा गरिमा' असंही लिहावं. गरिमन्‌ही संस्कृतात पुल्लिंगीच! मराठीनं दोघांना स्त्रीलिंगी केलं, विषय मिटला.

खरी गंमत पुढं आहे. ग्रीकमध्ये स्प्लेन, त्यावरून इंग्रजी स्प्लीन, लॅटिनमध्ये लिएन. सगळे एकाच कुळातले, म्हणजे रिपोर्टातलं स्प्लीन हे आपल्या प्लीहेच्या भावकीतलंच. वाटण्या मात्र विचित्र झाल्या: ग्रीकनं 'स' आणि 'प' दोन्ही ठेवले, संस्कृतनं नुसता 'प', लॅटिननं दोन्ही सोडले. भाषाशास्त्रवाले 'नेहमीच्या नियमात नीट बसत नाही' म्हणून हात झटकतात. मला विचाराल तर हा शब्द पोथीपेक्षा सुरीच्या पात्याखाली जास्त जगला. बळीचं जनावर कापायचं तर प्रत्येक अवयवाला नाव लागतंच, आणि ते कापणाऱ्याच्या तोंडी झिजतंही. अथर्ववेदात हृदय, यकृत, प्लीहा एकाच मंत्रात येतात. आमच्या गल्लीतल्या मटणाच्या दुकानात कलेजी, गुर्दा, तिल्ली एका दमात मागतात. तिल्ली म्हणजे हीच बाई.

हां, वडिलांचं राहिलं. पानथरी का वाढली ते डॉक्टरांना विचारा. ते पुन्हा 'सूज' म्हणाले तर तेवढ्यापुरतं म्हणू द्या.