ठिपके मोजून पोट भरतं का?

जालना जिल्ह्यातल्या एका टरबूज बागायतदार वडिलांनी लिहिलंय: "मुलगी बीएस्सी ॲग्रीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एमएस्सीला वनस्पती प्रजननच घेणार म्हणते. कॉलेजात दिवसभर मायक्रोस्कोपखाली पानावरचे ठिपके मोजते. त्यानं पोट भरतं का? स्पर्धा परीक्षा बरी नाही का?"

दादा, त्या ठिपक्यांवरच बिनबियांचं टरबूज उभं आहे. साध्या टरबुजाच्या पेशीत 22 गुणसूत्रं असतात. कोवळ्या रोपाच्या शेंड्यावर कॉल्चिसिन सोडलं (हे द्रव्य आपल्याकडच्या कळलावीतही असतं), की काही रोपांत ती 44 होतात. अशा रोपावर साध्या टरबुजाचा पराग टाकला की 33 गुणसूत्रांचं बी मिळतं. 33 चे सारखे दोन वाटे पडत नाहीत, म्हणून त्या वेलाच्या फळात बी भरत नाही. जपानचे वनस्पतिशास्त्रज्ञ किहारा यांनी 1951 च्या शोधनिबंधात हे मांडलं.

पण कॉल्चिसिन दिलेल्या ट्रेमधलं 44 वालं रोप कोणतं, हे नुसतं बघून ठरत नाही. पानाच्या खालच्या बाजूची साल काढून पर्णरंध्राच्या (पानाच्या श्वासाच्या बारीक छिद्राच्या) दोन पेशींतले हरितकण, म्हणजे हिरवे ठिपके, मोजतात. साध्या रोपात ते दहाच्या आसपास, 44 वाल्यात जवळपास दुप्पट. तुमची मुलगी मोजते ते हेच.

यात एक फसगत आहे. पानाची साल शेंड्याच्या सगळ्यात वरच्या थरातून तयार होते, पराग आणि बीजांड त्याखालच्या थरातून. वरचा थर बदलला आणि खालचा तसाच राहिला, तर साल 44 सांगते आणि बी मात्र साधंच निघतं. म्हणून पराग तपासायचा, पुढच्या पिढीची मुळाची टोकं रंगवून गुणसूत्रं मोजायची, जमलं तर फ्लो सायटोमीटरवरही (पेशीतला डीएनए मोजणाऱ्या यंत्रावर) बघायचं. एका चाचणीवर विसंबून न राहणारा माणूस बियाणं कंपनीला हवाच असतो, आणि अशा कंपन्या तुमच्या जालन्यातच आहेत. सरकारी संस्थांतही हे काम झालंय. दिल्लीची 'पुसा बेदाणा', बेंगळुरूची 'अर्का मधुरा' त्यातूनच आली.

पहिली काही वर्षं पगार बेताचा असेल, हे धरूनच चाला. शास्त्रज्ञ व्हायचं तर पुढे पीएचडीही लागेल. स्पर्धा परीक्षेची वाट मात्र एमएस्सीनं बंद होत नाही. कृषी सेवेसाठी लागणारी पदवी तिच्या हातात असेलच.

राहुरी, परभणी, अकोला, दापोली यांतलं विद्यापीठ निवडताना नावापेक्षा एकच चौकशी करा: तिथं मुलांना स्वतःच्या हातानं गुणसूत्रं मोजायला मिळतात का? शिवाय तिला टिश्यू कल्चर, म्हणजे वनस्पतीचा बारीक भाग काचेच्या नळीत वाढवणं, शिकू द्या. थॉमसन द्राक्षाचं बिनबी असणं टरबुजासारखं नाही. तिथं बी धरतं आणि कोवळेपणीच खुंटतं. अशा द्राक्षाचा नवा वाण काढायचा तर त्या बीतला गर्भ वेळेत काढून काचेत वाढवावा लागतो. द्राक्षपट्ट्यात ही कला जाणणाऱ्याला मोल आहे.

येत्या हंगामात बिनबियांच्या वाणाचा एक ट्रे तिच्याकडे सोपवा. ते बी जाड सालीचं, उगवायला हट्टी. त्याला ऊब किती द्यायची, पाणी किती कमी ठेवायचं, ते तिलाच ठरवू द्या. शेजारी साधं टरबूजही लावा, नाहीतर परागाअभावी फळ धरणार नाही. रोज मोजलेलं तारीख टाकून वहीत लिहायला सांगा. एमएस्सीचे मार्गदर्शक निवडायला जाईल तेव्हा ती वही सोबत असू द्या.