रोज एकत्र प्रार्थना होते, तरी घरात ओलावा का नाही?

"ताई, आम्ही दोघंही विश्वासात आहोत. रोज रात्री एकत्र प्रार्थना करतो. तरी घरात प्रेम का नाही?"

बडोद्यात फतेहगंजजवळच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की जोडपं खुर्चीत टेकायच्या आधीच तो मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो. विचारणारी माणसं मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मान असलेली असतात. कोणी उपासनेत शास्त्रवाचन करतो, कोणी स्त्रियांच्या सभेत भजन सांगते. करिंथकरांस पहिल्या पत्राचा 13वा अध्याय, म्हणजे बायबलमधला प्रीतीवरचा अध्याय, त्यांच्या लग्नात वाचलेला असतो, दोघांना पाठही असतो. त्यामुळे लाज जास्त वाटते.

एका जोडप्याची गोष्ट त्यांच्या परवानगीनं, ओळखीच्या खुणा बदलून सांगते. तो मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर, ती शाळेत शिक्षिका. लग्नाला 22 वर्षं झालेली. पहिल्या तीन-चार भेटी तक्रारींतच गेल्या. त्या तक्रारी चारचौघांच्या घरी असतात तशाच होत्या. मग मी म्हटलं, "काल रात्री केलीत तश्शी प्रार्थना इथं करा."

दोघांनी डोळे मिटले. तो म्हणाला, "प्रभो, माझ्या पत्नीला सौम्य आणि शांत आत्मा दे. तिच्या मुखावर पहारा ठेव." मग ती म्हणाली, "हे पित्या, ह्यांना घरासाठी वेळ काढायची बुद्धी दे. मोबाईलच्या मोहातून सोडव. आमेन."

मी विचारलं, "आता ही प्रार्थना कोणी ऐकली?"

"देवानं," तो म्हणाला.

"मी," ती म्हणाली.

बराच वेळ कोणी बोललं नाही. मीही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसायला शिकण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत.

मग मी पवित्र शास्त्र त्याच्या हातात दिलं. मुखावर पहारा ठेव, ही विनंती 141व्या स्तोत्रातली आहे, आणि तिथं दावीद ती स्वतःच्या मुखासाठी करतो. सौम्य आणि शांत आत्मा आहे पेत्राच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनात. "अजून तीन वचनं पुढं वाचा," मी म्हटलं. सातव्या वचनात पेत्र पतींकडे वळतो: पत्नीला समजून घेऊन तिच्याबरोबर राहा, तिला मान द्या, म्हणजे तुमच्या प्रार्थनांत अडथळा येणार नाही. मूळ ग्रीकमध्ये तिथं 'ज्ञानाप्रमाणे' अशा अर्थाचे शब्द आहेत. म्हणजे आधी ती तुम्हाला ठाऊक हवी. हे वचन मी लहानपणापासून ऐकत आले, पण त्यातला प्रार्थनेचा धागा मला त्या दुपारी खरा उमगला.

माझं मत मी जोडप्यांपासून लपवत नाही. आधी प्रेम वाटेल आणि मग आपण तसं वागू, अशी वाट पाहू नये. शत्रूंवर प्रीती करा असं प्रभू सांगतो, तेव्हा शत्रू आवडू लागेपर्यंत थांबा असं तो म्हणत नाही. हाताला आणि जिभेला वळण लावा, मन मागून येतं. मी त्यांना एकच काम दिलं. झोपण्यापूर्वी एकमेकांना विचारायचं, "आज तुझ्यासाठी काय मागू?" आणि जे उत्तर येईल तेवढंच, त्याच शब्दांत मागायचं. आपल्या पदरचं काही घालायचं नाही.

इथं एक गोष्ट ठासून सांगते. घरात मारहाण होत असेल, धमक्या असतील, तर हा उपाय तुमच्यासाठी नाही. 'प्रीती सहनशील आहे' हे वचन मार खात राहण्यासाठी लिहिलेलं नाही. आधी सुरक्षित जागी जा. गुजरातमध्ये महिलांसाठी 181 अभयम ही हेल्पलाइन आहे. प्रार्थना तिथूनही करता येते.

पुढच्या भेटीत तो वेगळाच दिसला. पहिल्या रात्री ती म्हणाली होती, "माझ्या टाचेसाठी मागा." सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवताना सहा महिने तिचा जीव कळवळत होता, आणि त्याला पत्ताच नव्हता. "टाचेसाठी प्रार्थना करताना मला कसंतरीच झालं," तो म्हणाला. "तिचा पाय मी कधी नीट बघितलाच नव्हता." दुसऱ्या दिवशी तो तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. त्यांनी बर्फाची बाटली पायाखाली फिरवायला सांगितली. आता फ्रीजरमध्ये मटारच्या पिशव्यांशेजारी पाण्याची एक छोटी बाटली असते. ती गोठल्यावर फुटू नये, म्हणून किती रिकामी ठेवायची हे तो मला हातानं दाखवत होता. 22 वर्षं नांदलेला माणूस नव्या नवऱ्यासारखा बोलत होता!

त्याची पाळी आली की मात्र तो "काही नको, सगळं ठीक आहे" म्हणायचा. तिनं चार रात्री तेवढंच मागितलं: "ह्यांना काही नको, प्रभो." पाचव्या रात्री तो म्हणाला, "कारखान्यात माझ्या हाताखाली शिकलेल्या पोराला वरची जागा दिली. दीड वर्ष झालं. रोज सकाळी मी त्याला सर म्हणतो."

"मग तुम्ही काय मागितलंत?" मी तिला विचारलं.

"काहीच नाही सुचलं, ताई," ती म्हणाली. "ह्यांचा हात धरून बसले. आमेन म्हणायचंही राहून गेलं."