वाचकांचे प्रश्न : कव्हर लेटरमध्ये विशेषणं नकोत, तारखा हव्यात

प्रश्न : मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. धंतोली आणि रामदासपेठेतल्या सीए फर्मना इंटर्नशिपसाठी मेल पाठवले, पण एकाचंही उत्तर आलं नाही. पत्राचा मजकूर सोबत जोडला आहे. यात चुकतंय काय?
– एक विद्यार्थिनी, मानेवाडा, नागपूर

उत्तर : तुमच्या पत्रातलं इंग्रजी स्वच्छ आहे. अडचण वेगळीच आहे. पहिल्या परिच्छेदात ‘आपल्या प्रतिष्ठित संस्थेत’ आहे, दुसऱ्यात ‘मेहनती, प्रामाणिक आणि शिकण्याची तयारी असलेली’ आहे. हे दोन्ही परिच्छेद तुमच्या वर्गातल्या कुणाच्याही नावावर खपतील. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं, म्हणजे ‘टॅलीचे ज्ञान आहे’ हे वाक्य अगदी शेवटी आलंय, आणि तुम्ही कधीपासून कधीपर्यंत येऊ शकता हे तर कुठेच नाही.

फर्मच्या बाजूने पाहा. इंटर्न आला की पहिले दोन-तीन आठवडे त्याच्या शेजारी कुणीतरी सीनियर आर्टिकल (सीएच्या हाताखाली प्रशिक्षण घेणारा विद्यार्थी) बसवावा लागतो. एवढं शिकवल्यावर ऐन ऑडिटच्या दिवसांत मुलगी ‘सर, परीक्षा आहे’ म्हणून गेली, तर सगळी मेहनत वाया. म्हणून पत्र वाचणारा आधी तारीख शोधतो, मग काय काम येतं ते पाहतो. तुम्ही किती प्रामाणिक आहात हे त्याला महिनाभरात आपोआप कळणारच आहे.

तारखा लिहिताना फर्मचं कॅलेंडर डोळ्यांसमोर असू द्या. टॅक्स ऑडिटचा अहवाल ३० सप्टेंबरपर्यंत द्यायचा असतो, म्हणून जून ते सप्टेंबर माणसं लागतात. शेवटच्या वर्षाची परीक्षा संपल्यावर सप्टेंबरअखेरपर्यंत थांबता येत असेल, तर हे तुमच्या पत्रातलं सर्वांत वजनदार वाक्य ठरेल. ते पहिल्या परिच्छेदात घ्या.

आता टॅली. ‘टॅली येतं’ हे इतके जण लिहितात की त्याचा अर्थच उरलेला नाही. नेमकं काय येतं? खरेदीचं बिल हातात दिलं तर एंट्री पास करता येते का? सीताबर्डीच्या दुकानाचं बिल असेल तर सीजीएसटी आणि एसजीएसटी (राज्यातल्या खरेदीवरचा केंद्राचा आणि राज्याचा जीएसटी), रायपूरच्या व्यापाऱ्याकडून माल आला असेल तर आयजीएसटी (परराज्यातल्या खरेदीवरचा), हे न विचारता कळतं का? बँक रिको करता येतं का, म्हणजे चेक दिलाय पण वटला नाही, बँकेने चार्जेस कापले पण आपल्या बुकात एंट्रीच नाही, असले फरक शोधता येतात का? जे येतं तेवढंच लिहा, पण नाव घेऊन लिहा. भेटीला बोलावलं की बहुतेक ठिकाणी बिलांचा एक गठ्ठा समोर ठेवतात आणि सगळं तिथेच उघड होतं.

जीएसटीत इंटर्नच्या वाट्याला हमखास येणारं काम म्हणजे टूबी जुळवणं. दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर जीएसटीआर-टूबी, म्हणजे पुरवठादारांनी क्लायंटच्या नावावर दाखवलेल्या बिलांचं पत्रक, तयार होतं. ते क्लायंटच्या खरेदी रजिस्टरशी ताडून पाहायचं, कारण जे बिल टूबीत नाही त्याचं क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट) घेता येत नाही. जुळत नाही त्याची कारणं साधारण ठरलेली आहेत : पुरवठादाराने जीएसटीआर-वन (विक्रीचं रिटर्न) भरलंच नाही, किंवा पुढच्या महिन्यात दाखवलं, किंवा क्लायंटचा जीएसटी नंबर न टाकता बिल बीटूसीत (साध्या ग्राहकांच्या विक्रीत) ढकललं. एक कारण मात्र निव्वळ टायपिंगचं असतं. बिलावर ‘००४५/२५-२६’ आहे आणि टॅलीत कुणीतरी नुसतं ‘४५’ टाकलंय. मग एक्सेलचं व्हीलुकअप (दोन याद्या ताडणारं सूत्र) ती दोन वेगळी बिलं समजतं. अशा वेळी जीएसटी नंबर आणि करपात्र रक्कम यांवर जुळवून पाहावं लागतं. हे समजून घेऊन पत्रात एका ओळीत लिहिलंत, तर वाचणारा तिथे थांबेल.

सराव नसेल तर आधी करा. टॅली प्राइम एज्युकेशन मोडमध्ये फुकट चालतं. एंट्री मोजक्याच तारखांना घेतं, पण हात बसायला तेवढं पुरतं. ओळखीच्या किराणा दुकानदाराची तीन महिन्यांची बिलं त्याच्या परवानगीने घेऊन बसा. पत्रात मात्र त्या दुकानाचं नाव नको, आणि त्याचा ताळेबंद किंवा टॅलीचा बॅकअप ‘कामाचा नमुना’ म्हणून जोडणं तर मुळीच नको. दुसऱ्याचे आकडे असे वाटणाऱ्या मुलीला कोणता सीए आपल्या क्लायंटच्या फाइली देईल?

तुमच्या पत्राचा गाभा असा होऊ शकतो. इंग्रजीत उतरवताना वाक्यं अशीच छोटी ठेवा :

‘माझी बी.कॉम.ची शेवटची परीक्षा मे महिन्यात संपते. १ जून ते ३० सप्टेंबर, सोमवार ते शनिवार, मी पूर्ण वेळ येऊ शकते. टॅली प्राइममध्ये एका किराणा दुकानाच्या तीन महिन्यांच्या खरेदी-विक्रीच्या एंट्री आणि बँक रिको मी सरावासाठी केले आहे. एक्सेलमध्ये व्हीलुकअप आणि पिव्हट टेबल वापरते. जीएसटी रिटर्न प्रत्यक्ष भरलेलं नाही. टूबी आणि खरेदी रजिस्टर जुळवण्याचा सराव केला आहे. माझ्याकडे दुचाकी आणि लायसन्स आहे, ऑडिटसाठी हिंगणा किंवा बुटीबोरीला जाता येईल. आपण सांगाल त्या दिवशी भेटायला येईन.’

एवढंच. ‘प्रत्यक्ष भरलेलं नाही’ हे वाक्य गाळू नका, त्याच्यामुळे बाकीच्या वाक्यांवर विश्वास बसतो. दुचाकीचं वाक्य फालतू वाटेल, पण फर्मचे क्लायंट एमआयडीसीत असतील तर ते बारावीच्या टक्क्यांपेक्षा जास्त कामाचं आहे. स्टायपेंडचा विषय पत्रात काढू नका, तो भेटीत निघतो.

हा मजकूर मेलमध्येच लिहा. वेगळी फाइल जोडली तर ती उघडण्याचे कष्ट समोरच्याला पडतात. जोडायचा तो फक्त बायोडेटा, पीडीएफमध्ये, आणि फाइलला तुमचं नाव द्या. ‘न्यू रेझ्युमे फायनल टू’ अशा नावाची फाइल पुन्हा सापडत नाही. विषयाच्या ओळीत ‘अकाउंट्स इंटर्नशिप, जून ते सप्टेंबर’ आणि आपलं नाव. पंधरा फर्मना एकाच मेलमध्ये टाकून पाठवू नका, सगळे पत्ते वर दिसतात. एका फर्मसाठी लिहिलेल्या पत्रात दुसऱ्या फर्मचं नाव राहून जाणं हाही नेहमीचा घात; पाठवण्याआधी नाव मोठ्याने वाचा.

आणि दिवस पाहून पाठवा. ७ तारखेला टीडीएस भरायचा असतो, ११ ला जीएसटीआर-वन, २० ला थ्रीबी (कर भरायचं जीएसटी रिटर्न), तिमाही रिटर्नवाल्यांचं महाराष्ट्रात २२ ला. १९ तारखेला संध्याकाळी आलेला मेल कुणी वाचत नाही आणि २३ ला तो शंभर मेलखाली गेलेला असतो. २३ ते २८ या दिवसांत, सकाळी पाठवा.

प्रश्न : सीए इंटरचे दोन्ही ग्रुप पास झालो. आर्टिकलशिपसाठीही असंच पत्र चालेल का?
– महाल, नागपूर

उत्तर : सांगाडा तोच, पण हा अर्ज दोन वर्षांच्या नात्याचा आहे. १ जुलै २०२३ पासूनच्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीनऐवजी दोन वर्षांची झाली. पहिल्याच ओळीत दोन्ही ग्रुप कोणत्या परीक्षेत पास झालात आणि आयसीआयटीएसएस (आर्टिकलशिपआधीचं सक्तीचं प्रशिक्षण) पूर्ण आहे का ते लिहा, कारण त्याशिवाय नोंदणीच पुढे सरकत नाही. कोणत्या कामात रस आहे तेही लिहा : ऑडिट, टॅक्स की जीएसटी. ‘सर्वच क्षेत्रांत’ असं लिहिलं की काहीच लिहिलं नाही असं होतं. प्रत्येक सीएला किती आर्टिकल घेता येतील याला आयसीएआयची (सीएंच्या राष्ट्रीय संस्थेची) मर्यादा असते, म्हणून ‘आपल्याकडे सध्या जागा आहे का’ असा सरळ प्रश्न शेवटी विचारायला हरकत नाही. नकार आला तर तो पुष्कळदा तुम्हाला नसतो, जागा भरलेली असते.

प्रश्न : एम.कॉम.चं ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग) ४ क्रेडिटचं आहे. फर्मवाले म्हणतात, महिनाभरासाठी कुणाला घेत नाही. पत्रात काय लिहू?
– कामठी

उत्तर : त्यांचंही खोटं नाही. तुमचा हिशेब मात्र पत्रात मांडा : एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे १२० तास; रोज ५ तास बसलात तर २४ कामाचे दिवस. ‘एक महिना’पेक्षा ‘२४ दिवस, रोज ११ ते ४’ हे समोरच्याला कामात बसवता येतं. मग इतक्या दिवसांत संपेल असं एकच काम मागा, उदाहरणार्थ मागच्या वर्षाच्या व्हाउचरचं फायलिंग आणि व्हाउचिंग (एंट्री बिलांशी ताडणं), किंवा एका क्लायंटचं वर्षभराचं बँक रिको. कॉलेजचं पत्र सोबत जोडा आणि शेवटी प्रमाणपत्रावर तासांची नोंद लागेल हे आधीच सांगा, नाहीतर शेवटच्या दिवशी खेटे सुरू होतात. सीए फर्मचाच हट्ट धरू नका. वर्धमाननगरचा एखादा ठोक व्यापारी, कळमन्याचा अडत्या, हिंगण्यातला कारखाना, सगळीकडे अकाउंट्सचं टेबल असतं आणि तिथे बिलाच्या जन्मापासून सगळं दिसतं. फक्त कॉलेजला ती जागा चालते का, हे अर्जाआधी विचारून घ्या.

प्रश्न : पत्र मराठीत लिहिलं तर कमीपणा येतो का?
– हिंगणा रोड

उत्तर : पतसंस्था, नागरी सहकारी बँक, सहकारी सोसायट्यांचं ऑडिट करणारे, इथे मराठीतलं पत्र अगदी योग्य, ‘मा. व्यवस्थापक’ असा मायना घाला आणि त्यांची कागदपत्रं वाचता-लिहिता येतात हे सांगा. सीए फर्म आणि कंपन्यांना इंग्रजीत. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधली फाइल समोरच्याच्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसती चिन्हं दिसतात.

प्रश्न : मेलला उत्तर नाही. फोन करू की थेट ऑफिसात जाऊ?
– जरीपटका

उत्तर : आठ दिवस थांबा, मग त्याच मेलच्या खाली दोन ओळींची आठवण पाठवा. त्यालाही उत्तर नसेल तर छापील पत्र आणि बायोडेटा घेऊन जा. नागपुरात लहान फर्ममध्ये हे अजून चालतं. रिसेप्शनवर ‘सर आहेत का’ विचारून ताटकळण्यापेक्षा ‘इंटर्नचं काम कोण पाहतं’ असं विचारा. बहुतेक वेळा तो सीनियर आर्टिकल किंवा अकाउंटंट असतो आणि दोन मिनिटं देतो. कागद त्याच्या हातात द्या, त्याचं नाव विचारून घ्या, आणि पुढचा फोन त्याच नावाने करा.