पाकिटावरचं पदक नागपुरात किती चालतं?

वाचकांचे प्रश्न : नर्सरी आणि हंगामी फुलझाडं

प्रश्न : ताई, नमस्कार. हिंगणा रोडला माझी पाऊण एकराची नर्सरी आहे. सीझनलचा माल मुख्यतः हिवाळ्यात उठतो. एका बियाणे कंपनीच्या माणसाने पिटुनियाच्या चार आणि सदाफुलीच्या दोन नव्या व्हरायटींची नमुना पाकिटं दिली आहेत. दोनांवर परदेशी बक्षिसाचा शिक्का आहे. पुढच्या हंगामाची ऑर्डर आत्ताच दिली तर सूट मिळेल म्हणतो. घेऊन टाकू का? की आधी लावून पाहू? आणि पाहायचं म्हणजे नेमकं काय पाहायचं?
– एक नर्सरीवाला, हिंगणा रोड

उत्तर : भाऊ, सूट पुढच्या वर्षीही मिळते. आधी लावून पाहा.

बक्षिसाचा शिक्का खोटा नसतो, हे मात्र सुरुवातीलाच सांगते, कारण आपल्याकडे त्याला एकतर डोक्यावर घेतात नाहीतर जाहिरात म्हणून उडवून लावतात. ‘ऑल-अमेरिका सिलेक्शन्स’ ही संस्था १९३२ पासून हेच काम करते आहे. अमेरिका-कॅनडात ठिकठिकाणी तिच्या चाचणी-बागा आहेत. नवी व्हरायटी तिथे नाव झाकून नुसत्या नंबरावर लावतात, शेजारी तिच्यासारखीच पण आधीपासून बाजारात असलेली दुसरी लावतात आणि परीक्षक दोन्ही बघून गुण देतात. युरोपात फ्लोरोसिलेक्ट या संस्थेचं काम याच धर्तीचं. काम चोख असतं. फक्त ते तिकडच्या हवेत आणि तिकडच्या हंगामात झालेलं असतं.

उन्हाचं सगळ्यांना कळतं. नागपूर म्हटलं की ऊनच आठवतं. पण पिटुनियाच्या बाबतीत मला उन्हापेक्षा दिवसाची लांबी जास्त त्रास देते. पर्पल वेव्ह पिटुनियाला १९९५ साली ऑल-अमेरिका सिलेक्शन्सचं बक्षीस मिळालं. जमिनीवर पसरणारी, वाफा झाकून टाकणारी, पाहण्यासारखी जात आहे ती. पण कळी धरायला तिला लांब दिवस लागतो, तेरा तासांच्या आसपास. तिकडे रोपं विकली जातात एप्रिल-मेमध्ये आणि तेव्हा तिकडचा दिवस आपसूकच तेवढा असतो. आपली विक्री डिसेंबरातली, आणि नागपुरात डिसेंबरचा दिवस अकरा तासही भरत नाही. रोप हिरवंगार, कुंडी भरलेली, फुलाचा पत्ता नाही! गिऱ्हाईक असं रोप उचलत नाही. त्याच घराण्यातल्या पुढे आलेल्या ईझी वेव्हला दिवसाच्या लांबीची एवढी अट नाही. दोन्ही पाकिटांवर ‘वेव्ह’च लिहिलेलं असतं.

म्हणून बी पेरायच्या आधी एका कागदावर तारीख लिहा. तुमच्या नर्सरीतून जास्तीत जास्त कुंड्या कधी बाहेर पडतात? डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाच्या आधी सिव्हिल लाइन्सकडे जातात, का २६ जानेवारीला शाळा-ऑफिसांत, का फेब्रुवारीत लॅंडस्केपवाल्यांकडे? पिटुनियाला बियाणं ते फूल धरून दहा-बारा आठवडे लागतात. डिसेंबरच्या सुरुवातीला माल हवा तर पेरणी सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, म्हणजे दमट, उकाड्याच्या दिवसांत, ट्रेमध्ये रोपं कोलमडण्याच्या ऐन धोक्यात. चाचणीची पेरणीही त्याच दिवसांत करा. ऑक्टोबर सरता सरता निवांत पेरलेली चाचणी छान दिसते, पण ती तुमच्या धंद्याबद्दल काही सांगत नाही.

आता लावायचं कसं. चार नव्या पिटुनियांबरोबर पाचवी लावा ती तुम्ही आज विकता तीच. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं हेच कोणी करत नाही. नवी एकटीच लावली की ती चांगलीच वाटते. पाचही एकाच दिवशी पेरा, सारख्या ट्रेमध्ये, एकाच लॉटच्या कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्श्यावर. पिटुनियाचं बी धुळीसारखं बारीक, एका ग्रॅममध्ये नऊ-दहा हजार दाणे भरतात, म्हणून ते गोळी करून येतं. त्यावर माती टाकू नका, उगवायला त्याला उजेड लागतो. सदाफुलीचं बरोबर उलट, ती झाकावी लागते. हे तुम्हाला माहीत असणार, पण नवीन पोरगा कामावर असला की सगळे ट्रे एकाच पद्धतीने होतात आणि दोष व्हरायटीच्या माथी बसतो.

कुंड्यांत गेल्यावर प्रत्येक व्हरायटीची तीसेक रोपं ठेवा, पण एका जागी नाही. दहा-दहाचे तीन गट करा आणि शेडच्या तीन वेगळ्या भागांत मांडा. पश्चिमेच्या भिंतीजवळची जागा तापते, पाइपाच्या शेवटच्या टोकाला पाणी कमी पोचतं. सगळी तीस रोपं भिंतीजवळ गेली तर तुम्ही भिंतीची परीक्षा घेत आहात. प्रत्येक भागात कोणती कुठे जाईल ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. कडेची रांग मोजू नका. पाट्यांवर नाव न लिहिता आकडे लिहा आणि नावांचा कागद घरी ठेवा, कारण महागड्या बियाला आपण नकळत एक गुण जास्त देतो.

दर पंधरा दिवसांनी एक ते पाच गुण द्या, दोघांनी वेगवेगळे: एक तुम्ही, एक तुमचा जुना माळी. मी माळ्याच्या गुणांकडे आधी बघते. पहिलं फूल कधी आलं ते लिहा, पण त्याहून कामाची तारीख म्हणजे गटातल्या निम्म्या रोपांवर फूल आलं ती. पहिल्या आणि शेवटच्या रोपात तीन आठवड्यांचं अंतर असेल तर ती व्हरायटी हौशी माणसाला द्या. शंभर कुंड्या एकदम मागणाऱ्या ठेकेदाराला ती देता येत नाही.

विक्रीलायक झाल्यावर प्रत्येकीच्या चार-पाच कुंड्या काउंटरपाशी नेऊन ठेवा आणि त्यांना दुकानात मिळतं तसंच, कधी मिळालं कधी नाही असं पाणी मिळू द्या. आणखी काही रोपं सरळ जमिनीत, आपल्या काळ्या मातीत लावा. कोकोपीटमध्ये सगळ्याच शहाण्या असतात. काळी माती ओली झाली की हवा कोंडते, वाळली की भेगा पडून मुळं तुटतात. लॅंडस्केपवाला रोप शेवटी तिथेच लावणार आहे आणि मेलं की फोन तुम्हालाच करणार आहे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भात अवकाळी पाऊस आला, गारा पडल्या, तर हळहळ झाल्यावर वही घेऊन बाहेर या. दुसऱ्या दिवशी सकाळी आणि पुन्हा तीन-चार दिवसांनी बघा. डबल पाकळीच्या पिटुनिया ओल्या होऊन लोळतात, त्यातली कोणती परत उभी राहते ते अशाच वेळी दिसतं.

एक गोष्ट त्या कंपनीच्या माणसाला स्पष्ट विचारा. त्यांच्या शेडमध्ये दाखवलेली गुटगुटीत रोपं वाढ रोखणारं औषध मारून तशी केली होती का? पॅक्लोब्युट्राझोलसारखी औषधं नर्सरीत सर्रास वापरतात आणि त्यात गैर काही नाही. पण प्रमाण जास्त झालं की रोप जमिनीत लावल्यावरही आठवडेच्या आठवडे बसून राहतं. तुमची चाचणी औषधाशिवाय करा, म्हणजे बुटकेपणा बियातला की बाटलीतला ते कळेल.

सदाफुलीच्या दोन व्हरायटींची चाचणी मात्र हिवाळ्यात करू नका, आणि नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतही नको. हे ऐकून बरेच जण चमकतात. पारा ४५ च्या वर गेला तरी कुंडीत पाणी असेल तर सदाफुली मे महिना काढते. ती मरते जुलै-ऑगस्टच्या झडीत. फायटोफ्थोरा बुरशी पानापानावरून, फांदीवरून उतरते, शेंडे काळे पडून माना टाकतात आणि बघता बघता अख्खा वाफा बसतो. कोरा नावाची जी सदाफुली आली ती याच रोगाला टिकते म्हणून नावाजली गेली. तेव्हा नव्या सदाफुलीची परीक्षा पावसाळ्यात, उघड्यावर, शेडनेटही न लावता घ्या. किती जगल्या ते मोजायच्या आधी किती मेल्या आणि कोणत्या आठवड्यात, ते लिहा. कंपनीच्या पत्रकात तो रकाना कधी सापडणार नाही.

शेवटी पैसे. बियाचा भाव दाण्याला किती हे पाहू नका, विकाऊ रोपाला किती पडला ते पाहा. समजा एका व्हरायटीचा दाणा २ रुपयांना आहे आणि १०० दाण्यांतून विकण्यासारखी ६५ रोपं झाली, तर रोपामागे ३ रुपये ८ पैसे. दुसरीचा दाणा अडीच रुपयांना, पण ८५ रोपं झाली, तर २ रुपये ९४ पैसे. महाग ती स्वस्त पडली, आणि ट्रेमधली वीस घरं रिकामी राहिली नाहीत ते वेगळंच.

चार पिटुनियांतली एखादी पास झाली तरी पहिल्या वर्षी तिला मालाच्या चौथ्या हिश्शाच्या वर जागा देऊ नका. यंदाची थंडी आणि पुढची थंडी यांत नागपुरात फार फरक पडतो.

प्रश्न : माझ्याकडे नव्या पिटुनियाची कोवळी पानं पिवळी पडली आहेत, शिरा मात्र हिरव्या. शेजारच्या झेंडूला काही नाही. पाणी बोअरचं आहे. युरिया दिला, फरक नाही. व्हरायटीच खराब म्हणायची का?
– वाचक, काटोल रोड

उत्तर : युरिया थांबवा. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या ही लोहाच्या कमतरतेची खूण आहे. नत्र कमी पडलं तर आधी खालची, जुनी पानं पिवळी पडतात. लोह कुंडीत असतं, पण बोअरच्या जड पाण्याने कुंडीतल्या माती-कोकोपीटचा सामू (पीएच) वर चढला की मुळांना ते उचलता येत नाही. पिटुनिया आणि पॅन्सी याबाबतीत फार नाजूक, त्यांना सामू साडेपाच ते सहाच्या आसपास लागतो. झेंडू चढ्या सामूतही लोह ओढून घेतो, म्हणून तो तुमच्या शेजारी ऐटीत उभा आहे. उलट सामू फार उतरला तर त्याच्याच पानांवर तपकिरी ठिपके येतात.

व्हरायटीला दोष द्यायचा की नाही, हे ठरवणं सोपं आहे. त्याच शेडमधल्या सगळ्याच पिटुनिया पिवळ्या असतील तर पाणी दोषी, एकटी नवीच पिवळी असेल तर ती आपल्या पाण्याला जमत नाही, आणि तिला वहीत तसा शेरा द्या. पाणी माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेतून तपासून आणा. नुसता सामू नको, बायकार्बोनेटही तपासायला सांगा, खरी अडचण तिथे असते. तोवर चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपात बांधलेलं लोह द्या, पण डबीवरची बारीक अक्षरं वाचून. ईडीटीए प्रकारचं लोह सामू साडेसहाच्या वर गेला की फारसं उपयोगी पडत नाही, चढ्या सामूला ईडीडीएचए लागतं. महाग आहे, पण स्वस्तातलं तीनदा ओतण्यापेक्षा परवडतं. पावसाचं पाणी टाकीत साठवता आलं तर निदान प्लग ट्रेपुरतं तरी तेच वापरा.

प्रश्न : चाचणीत जी संकरित व्हरायटी उत्तम ठरली, तिचंच बी धरून पुढच्या वर्षी लावलं तर बियाचा खर्च वाचेल ना?
– वाचक, कामठी

उत्तर : नाही वाचणार. संकरित झाडाच्या बियातून पुढच्या पिढीत उंच, बुटकी, फिकी, गडद अशी सगळी खिचडी निघते, आणि ज्या एकसारखेपणासाठी तुम्ही चाचणी घेतली तोच जातो. घरच्या अंगणात लावा, मजा येते. विकायला नको.

बी धरायचंच असेल तर सरळ वाणांचं, म्हणजे संकरित नसलेल्या, बियातून तसेच उतरणाऱ्या वाणांचं धरा. झेंडूत दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे पूसा नारंगी आणि पूसा बसंती आहेत, दुसऱ्या झेंडूपासून लांब लावले तर बी चांगलं येतं. पण ते फुलावर यायला चार महिन्यांच्या वर घेतात आणि उंच होतात. हाराच्या फुलाला ठीक, कुंडीतल्या मालाला नाही. आणि छाटकलमाने वाढणाऱ्या नव्या जातींच्या फांद्या तोडून रोपं करण्याआधी ती जात २००१ च्या वाणसंरक्षण कायद्याखाली नोंदलेली आहे का, हे विक्रेत्याकडून बिलावर लिहून घ्या.